आधी डावीकडचा रकाना बघा: सोलापुरात बसून मोटार शर्यत बघायला शिकताना

फॉर्म्युला वनची शर्यत पहिल्यांदा लावली की बहुतेकांचं सारखंच होतं. सुरुवातीची दोन मिनिटं श्वास रोखून बघतात, पहिल्या वळणावर सगळ्या गाड्या एकमेकींत घुसल्या की ओरडतात, आणि पंधराव्या फेरीला हात रिमोटकडे जातो. पहिला आहे तो पहिलाच आहे, बाकीचे मागे फिरतायत, आता बघायचं काय? मी स्वतः पहिल्या तीन शर्यती अशाच अर्ध्यावर बंद केल्या. चौथ्या वेळी लक्षात आलं, की मी पूर्ण वेळ सर्वांत पुढच्या गाडीकडे बघत होतो आणि पडद्यावरची सर्वांत महत्त्वाची जागा माझ्या नजरेतून सुटत होती.

ती जागा म्हणजे पडद्याच्या डाव्या कडेचा नावांचा उभा रकाना. तो वाचता आला की दीड तास कसा गेला कळत नाही. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण भिशीचे हिशेब तिने वीस वर्षं सांभाळलेत, त्यामुळे आकडा तिच्या डोळ्यांतून सुटत नाही. मॅक्लारेन संघाचा केशरी रंग आवडला म्हणून तिने ती गाडी धरली आणि तिच्या नावापुढचा, पुढच्या गाडीपासून किती सेकंद मागे ते सांगणारा आकडा बघत बसली. दुसऱ्या रविवारी भाकरी थापता थापता आतून विचारलं, ‘‘अरे, मगाशी दोन होतं, आता एक-चार झालं. गाठणार का काय?’’ कॉमेंट्री करणारे तेव्हा भलत्याच गाडीबद्दल बोलत होते. तीन फेऱ्यांनी आईच्या गाडीने पुढच्याला खरंच गाठलं. म्हणून सांगतो, भाषा अडत नाही, गाड्यांची माहिती असण्याचीही गरज नाही. बघायचं कुठे, एवढं कळलं की झालं.

किती वाजता, कशावर

सोलापूरकरांसाठी चांगली गोष्ट ही, की युरोपातल्या बहुतेक शर्यती आपल्या घड्याळाने रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. इंग्लंडमधली सिल्व्हरस्टोनची साडेसातला. उन्हाळ्यात दिवसभर घरात कोंडून घेतलेलं असतं, साडेसहाला जरा वारा सुटतो, चहा होतो आणि शर्यत लागते. आठ-सव्वाआठपर्यंत निकाल, मग जेवण. ऑस्ट्रेलिया आणि जपानच्या शर्यती सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येतात, सिंगापूरची संध्याकाळी साडेपाचला. अमेरिका आणि मेक्सिकोच्या बहुतेक मात्र मध्यरात्रीनंतर. सोमवारी सकाळी कामावर जाणाऱ्याने त्यांच्या नादी लागू नये, दुसऱ्या दिवशी सारांश बघावा.

भारतात 2024 पासून फॉर्म्युला वन फॅनकोडवर दिसू लागलं. पूर्ण हंगामाचा पास घेता येतो आणि एकाच शर्यतीपुरताही. प्रक्षेपणाचे हक्क काही वर्षांनी हात बदलतात, म्हणून मार्चमध्ये हंगाम सुरू होण्याआधी एकदा खात्री करून घ्या. फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर प्रत्येक शर्यतीचा काही मिनिटांचा सारांश फुकट असतो. सुरुवातीलाच पैसे भरू नका. दोन-तीन सारांश बघा, एखादी गाडी किंवा ड्रायव्हर मनात बसला की मगच एका शर्यतीचे पैसे भरा.

तुमच्याकडे ब्रॉडबँड नसेल आणि मोबाईलचं हॉटस्पॉट टीव्हीला जोडत असाल, तर एचडी चित्राला तासाला दीड-दोन जीबी सहज लागतात. त्या दिवशीचा डेटा राखून ठेवा. दिवे जाण्याची वेळ आपल्याकडे सांगून येत नाही, त्यामुळे राउटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्ध्या मिनिटाने तरी मागे असतं, म्हणून शर्यत संपेपर्यंत व्हॉट्सअॅपचे ग्रुप म्यूट करा. शेवटच्या फेरीत मित्राचा ‘काय घेतला रे!’ असा मेसेज आधी आला, की सगळी मजा जाते.

रविवारची शर्यत शनिवारी समजते

शर्यतीत कोण कुठल्या जागेवरून सुटणार, हे आदल्या दिवशी ठरतं. त्याला क्वालिफाइंग म्हणतात. माळशिरस-सांगोल्याकडच्या बैलगाडी शर्यती बघितलेल्यांना हे सांगायलाच नको. तिथे गट, सेमी आणि फायनल असते, तशीच इथे क्यू वन, क्यू टू, क्यू थ्री. फरक इतकाच, की इथे गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. प्रत्येकीची लढाई घड्याळाशी असते. 2026 पासून 11 संघांच्या 22 गाड्या आहेत. पहिल्या टप्प्यात सर्वांत मंद सहा बाहेर, दुसऱ्यात आणखी सहा बाहेर, उरलेल्या दहा पहिल्या जागेसाठी झुंजतात. सगळं मिळून तासाभराचा खेळ.

माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने पहिली गोष्ट क्वालिफाइंगच बघावी. वेळ कमी लागतो, डावपेच नसतात, एका फेरीत ड्रायव्हर जीव तोडून काय करू शकतो ते उघड दिसतं. रंग तेवढे लक्षात ठेवा. ट्रॅकचे तीन भाग केलेले असतात. एखादा भाग जांभळा झाला तर त्या भागात आतापर्यंतची सर्वांत वेगवान वेळ या गाडीने दिली. हिरवा झाला तर ड्रायव्हरने स्वतःची वेळ सुधारली. पिवळा म्हणजे सुधारणा नाही. शेवटच्या मिनिटात पडद्यावर जांभळा, जांभळा आणि मग तिसऱ्या भागात हिरवा, असं दिसलं की काळजाचा ठोका चुकतो.

मोनॅकोचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि नवखा माणूस तिथूनच सुरुवात करतो. कृपा करून तसं करू नका. जेमतेम सव्वातीन किलोमीटरचा गल्लीबोळांचा रस्ता, त्यात ओव्हरटेक करायला जागा नाही. तिथला शनिवार म्हणजे वर्षातला सर्वांत थरारक तास, पण रविवार बहुधा मिरवणुकीसारखा जातो. पहिली पूर्ण शर्यत म्हणून सिल्व्हरस्टोन, बेल्जियममधलं सात किलोमीटर लांबीचं स्पा किंवा ब्राझीलचं इंटरलागोस धरा. या तिन्ही ठिकाणी पाऊस कधीही येतो आणि ओव्हरटेकला जागा आहे. 2024 मध्ये इंटरलागोसच्या पावसात मॅक्स वर्स्टाप्पेन सतराव्या जागेवरून सुटून पहिला आला होता.

रकाना कसा वाचायचा

आता मुख्य गोष्ट. रकान्यात वरपासून खाली गाड्यांचा क्रम असतो. ड्रायव्हरचं नाव बहुधा आडनावाच्या पहिल्या तीन रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं, शेजारी संघाचा रंग किंवा चिन्ह. त्यापुढे एक आकडा. हा आकडा दोन प्रकारे दाखवतात, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. कधी तो पहिल्या गाडीपासूनचं अंतर सांगतो, कधी लगेच पुढे असलेल्या गाडीपासूनचं. रकान्याच्या माथ्यावर ‘लीडर’ आहे की ‘इंटर्व्हल’, ते बघून घ्या. आपल्याला हवा इंटर्व्हल.

अंतर सेकंदांत मोजतात. ताशी 300 किलोमीटरला एक सेकंद म्हणजे 83 मीटर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून जास्त. समजा तुमच्या गाडीपुढे 2.4 दिसतंय. पुढच्या फेरीला 2.1, त्याच्या पुढच्या फेरीला 1.7. म्हणजे दर फेरीला तीन-चार दशांश कमी होतायत, दोन-तीन फेऱ्यांत आकडा एकच्या खाली येणार. तेव्हा खुर्चीत नीट बसा. एक सेकंदाच्या आत आलेल्या गाडीला 2026 च्या नियमांनुसार ओव्हरटेकसाठी विजेची जादा ताकद वापरायला मिळते. त्याआधीच्या वर्षांच्या शर्यती बघितल्यात तर मागचा पंख उघडणारी डीआरएस नावाची सोय दिसेल, तीसुद्धा याच एका सेकंदाशी बांधलेली होती.

कधी कधी आकडा 1.1 वर येतो आणि दहा फेऱ्या तिथेच अडकतो. ड्रायव्हर घाबरला असं समजू नका. पुण्याच्या हायवेवर मोटारसायकलने भरलेल्या ट्रकच्या मागे कधी सापडला असाल तर कारण लगेच कळेल. मागे समोरचा वारा तुटतो, पण ट्रकने घुसळलेली हवा गाडीला डावी-उजवीकडे ढकलते. शर्यतीची गाडी पंखांवरून जाणाऱ्या हवेच्या दाबाने रस्त्याला चिकटून असते. पुढच्या गाडीने ती हवा विस्कटली की वळणावर पकड जाते, टायर घासतात, तापतात. सरळ रस्त्यावर मात्र तीच तुटलेली हवा मागच्याला पुढे ओढते. (हे फक्त समजून घेण्यापुरतं. टेंभुर्णी-मोहोळच्या रस्त्यावर ट्रकला चिकटून गाडी चालवणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रॅकवर प्रत्येक वळणाला मोकळी जागा, भिंतीला गादी आणि दोन मिनिटांत पोचणारा डॉक्टर असतो. हायवेवर यातलं काहीच नसतं.)

पहिल्या शर्यतीत रकान्यातला एकच माणूस निवडा, आणि तो पहिल्या तिघांतला नको. सातव्या ते बाराव्या जागेवरचा घ्या. गुण पहिल्या दहांनाच मिळतात, 25, 18, 15, 12, 10, 8, 6, 4, 2 आणि 1. छोट्या संघाला दहाव्या जागेचा एक गुण सुद्धा मोलाचा असतो, म्हणून खरी मारामारी तिथे चालते. एका संघाच्या दोन गाड्या सारख्याच रंगाच्या असतात. त्या ओळखायला माथ्यावरची कॅमेऱ्याची छोटी पेटी बघा, एकीची काळी आणि दुसरीची पिवळी.

टायर

रकान्यात प्रत्येक नावाशेजारी टायरचं वर्तुळ दाखवतात. लाल सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. पावसात हिरवा इंटरमीडिएट आणि निळा वेट. 2011 पासून सगळ्यांना टायर पिरेलीच पुरवते. सॉफ्टला पकड जबरदस्त, पण तो लवकर झिजतो. हार्ड हळू, पण टिकाऊ. कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगळ्या प्रकारचे टायर वापरावेच लागतात, म्हणजे प्रत्येकाला टायर बदलायला एकदा तरी आत, ट्रॅकशेजारच्या पिट नावाच्या गल्लीत, यायचंच आहे. बघणाऱ्यांतले बरेच जण समजतात की गाड्या पेट्रोल भरायला थांबतात. शर्यत चालू असताना इंधन भरणं 2010 पासून बंद आहे. पूर्ण शर्यतीचं इंधन सुरुवातीलाच टाकीत असतं, ते जळत जातं तशी गाडी हलकी आणि वेगवान होते. म्हणजे एकीकडे झिजणारा टायर गाडीला मागे खेचतो, दुसरीकडे हलकं होणारं वजन पुढे ढकलतं.

माझ्या मामांचं अक्कलकोट रोडला टायरचं दुकान आहे. पंक्चर, रिमोल्ड, ट्रकचे जुने टायर, सगळं. रविवारी दुकान लवकर बंद करून ते आमच्याकडे आले होते आणि शर्यत चालू होती. त्यांना गाड्यांची नावं माहीत नव्हती. मध्येच एका गाडीचा पुढचा डावा टायर अगदी जवळून दाखवला, जाडसर लाल पट्टा आणि त्याच्या आत काळ्या रबरावर बारीक सुरकुत्या. मामा चहाची बशी खाली ठेवून पुढे सरकले. म्हणाले, ‘‘कातडी सोललीय बघ त्याची. पुरता तापायच्या आत घासलाय. फोड नाहीत, म्हणजे आतून जळलेला नाही, वरचं वरचं गेलंय.’’ मिनिटभराने कॉमेंट्रीत शब्द आला, ग्रेनिंग. रबर पुरेसं गरम नसताना रस्त्यावरून घसरलं की वरचा थर फाटून त्याच्या गुठळ्या होतात, त्यालाच ग्रेनिंग म्हणतात. आतून जास्त तापून फोड येतात त्याला ब्लिस्टरिंग. मामांनी दोन्हींतला फरक एका नजरेत सांगितला होता. ती गाडी पुढच्या तीन फेऱ्यांत रकान्यात दोन जागा खाली आली आणि मग टायर बदलायला आत गेली. त्या दिवसापासून मामा दर शर्यतीला येतात आणि आम्ही सगळे त्यांना टायरबद्दल विचारतो.

तुमच्याही नजरेला ही सवय लावता येते. गाडीतल्या कॅमेऱ्यातून दाखवतात तेव्हा ड्रायव्हरचे हात बघा. नव्या टायरवर हात शांत असतात. टायर संपत आले की वळणावर स्टिअरिंग पुन्हा पुन्हा सावरावं लागतं. नाक वळत नाही आणि गाडी सरळ निघते त्याला अंडरस्टिअर म्हणतात, मागची बाजू निसटते त्याला ओव्हरस्टिअर. झिजलेल्या रबराच्या गोळ्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला साचतात. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बारीक खडी साचते तशा. त्यांच्यावर चाक गेलं की पकड गेलीच, म्हणून ओव्हरटेक करायला ठरलेली रेघ सोडणं धोक्याचं असतं.

आता टायर बदलायला आत येण्याचा हिशेब. चाक काढून चाक लावायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. 2023 मध्ये कतारला मॅक्लारेनने 1.80 सेकंदांत चारही चाकं बदलली. मामांना हा व्हिडिओ मी पाच वेळा लावून दाखवला. प्रत्येक चाकाला तीन माणसं असतात. एक नट सोडून आवळतो, एक जुनं चाक ओढतो, एक नवं बसवतो. पुढे-मागे जॅकवाले वेगळे. चाकाला एकच नट असतो. पण खरा वेळ थांबण्यात जात नाही. आतल्या गल्लीत वेगाची मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे, काही ठिकाणी 60, आणि बाहेरचे त्या वेळात तिनशेने जात असतात. येणं-जाणं धरून साधारण वीस ते पंचवीस सेकंद बुडतात.

म्हणजे तुमचा ड्रायव्हर आत गेला तर तो कुठे बाहेर पडेल, हे तुम्हाला घरबसल्या सांगता येतं. रकान्यात त्याच्या मागे बावीस सेकंदांच्या आत कितीजण आहेत ते मोजा. तेवढे पुढे जाणार. आईला हे इतकं आवडलं, की गाडी आत वळली की ती आधीच सांगते, ‘‘अकरावा निघेल.’’

यातूनच अंडरकट नावाचा डाव निघतो. नीट समजून घ्या, कारण निम्म्या शर्यती यावर ठरतात. पुढचा आणि मागचा यांच्यात दीड सेकंदाचं अंतर आहे. दोघांचे टायर जुने. मागचा ओव्हरटेक करू शकत नाही, म्हणून तो एक फेरी आधी आत जातो आणि नवे टायर घेतो. नव्या टायरवर त्याची फेरी दोन सेकंदांनी वेगवान होते. पुढचा त्या वेळी अजून जुन्या टायरवरच फिरतोय. पुढच्या फेरीला तोही आत जातो, दोघांचे थांबे सारखेच झाले असं धरू. बाहेर येताना दिसतं, की दीड सेकंदाची आघाडी गेली आणि अर्ध्या सेकंदाने तो मागे पडला. ट्रॅकवर कुणी कुणाला ओलांडलं नाही, तरी जागा बदलली. म्हणून चौदाव्या-पंधराव्या फेरीनंतर, कुणी आत वळलं की लगेच त्याच्या पुढच्या गाडीकडे बघा. तिच्या संघाकडे उत्तर द्यायला एकच फेरी असते. रेडिओवर ‘बॉक्स, बॉक्स’ ऐकू आलं की ड्रायव्हरला आत बोलावलंय.

या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवते ती सेफ्टी कार. अपघात झाला, ट्रॅकवर तुकडे पडले, की ही गाडी पुढे येते आणि सगळे तिच्या मागे सावकाश रांगेत चालतात. वीस सेकंदांची आघाडी पाच मिनिटांत शून्य. पण बाहेरचे हळू चालत असल्यामुळे त्याच वेळी आत जाऊन टायर बदलणं स्वस्तात पडतं. 2021 च्या अबू धाबीच्या शेवटच्या शर्यतीला लुईस हॅमिल्टन आणि वर्स्टाप्पेन 369.5 अशा सारख्याच गुणांवर उतरले होते. हॅमिल्टन आरामात पुढे होता. शेवटी शेवटी एका गाडीचा अपघात झाला, सेफ्टी कार आली, वर्स्टाप्पेनने आत येऊन सॉफ्ट टायर घेतले, हॅमिल्टन जुन्या हार्डवरच राहिला, आणि शेवटच्या फेरीत विश्वविजेतेपद हातून गेलं. सेफ्टी कार ज्या रीतीने आत घेतली गेली त्यावरचा वाद लोक आजही तावातावाने घालतात.

झेंडे

बैलगाडी शर्यतीत झेंडा पंचाचा शब्द शेवटचा, इथेही तसंच. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. दोन पिवळे म्हणजे थांबायची तयारी ठेवा. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा झेंडा एक फेरी मागे पडलेल्याला दाखवतात, मागून येणाऱ्याला वाट दे. काळा-पांढरा म्हणजे ताकीद. चौकटीचा म्हणजे संपली. एवढे पुरेत, बाकीचे बघता बघता येतील. शर्यत सुटते मात्र दिव्यांवर. पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि सगळे एकदम विझले की गाड्या निघतात.

घरात लहान मुलं असतील तर अपघाताची धास्ती असते, ती रास्त आहे. 1994 मध्ये इमोला इथे आयर्टन सेना हा ड्रायव्हर शर्यतीतल्या अपघातात गेला, त्यानंतर या खेळाने सुरक्षेवर फार काम केलं. ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान दिसते तिला हेलो म्हणतात, ती 2018 पासून सक्तीची आहे. 2020 मध्ये बहरीनला रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. हातांना भाजलं, पण जीव वाचला. तो व्हिडिओ मी मुलांना दाखवतो, शेवटासकट.

दीड तास जमत नसेल तर

मोटोजीपी बघा. सोलापूर दुचाकीचं गाव आहे. गुडघा आणि कोपर जमिनीला टेकवून वळणारा माणूस बघायला काही शिकवावं लागत नाही. रविवारची शर्यत पाऊण तासात संपते, टायर बदलायला थांबा नसतो, 2023 पासून शनिवारीही निम्म्या अंतराची स्प्रिंट असते. 2025 चं विजेतेपद मार्क मार्केझने घेतलं, वाईट दुखापतीने हात मोडल्यापासूनची पाच-सहा वर्षं मागे टाकून.

आपल्या लोकांचा धागा हवा असेल तर तोही आहे. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. टायरच्या भानगडीमुळे त्या दिवशी सहाच गाड्या धावल्या होत्या, पण गुण ते गुणच. करुण चांडोक 2010 मध्ये उतरला, आज तो टीव्हीवर शर्यत समजावून सांगतो आणि फार छान सांगतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. तिथेच 2023 मध्ये मोटोजीपीही आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या हैदराबादला हुसेन सागरच्या काठावर विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई धावली. हैदराबाद आपल्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर, एसटीने सहा तास तरी जातात. फॉर्म्युला वनच्या बहुतेक शर्यतींचं अंतरही साधारण 305 किलोमीटरच असतं आणि ते दीड तासात संपतं. मुलांना वेग समजावायला मला याहून सोपं काही सापडलं नाही.

एक फेरी बघून ठेवा

पहिली शर्यत लावण्याआधी एक जुनी फेरी शोधून बघा. 2 नोव्हेंबर 2008, इंटरलागोस, हंगामाची शेवटची शर्यत. फेलिपे मासा आपल्या गावच्या ट्रॅकवर पहिला धावतोय. तो जिंकला आणि हॅमिल्टन सहावा किंवा त्याच्या मागे राहिला तर मासा जगज्जेता. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना पाऊस सुरू होतो. बहुतेक जण पावसाचे टायर घ्यायला आत जातात. टिमो ग्लॉक कोरड्या टायरवरच राहतो, त्यामुळे तो हॅमिल्टनच्या पुढे जातो. मग सेबास्टियन वेटेलही हॅमिल्टनला मागे टाकतो. हॅमिल्टन सहावा.

मासा रेघ ओलांडतो. फेरारीच्या गॅरेजमध्ये त्याचे वडील आणि घरचे उड्या मारतायत, मिठ्या मारतायत. कॅमेरा त्यांच्यावरच आहे. तुम्ही तिकडे बघू नका. पाचव्या आणि सहाव्या ओळीकडे बघा. पाऊस वाढलाय, ग्लॉकच्या कोरड्या टायरना पकड उरलेली नाही, तो रांगतोय. शेवटच्या वळणांशी आधी वेटेल आणि मग हॅमिल्टन त्याला ओलांडतात. हॅमिल्टन पाचवा. 98 विरुद्ध 97, एका गुणाने विजेता. गॅरेजमधल्या लोकांना हे कळायला काही क्षण लागतात आणि ते क्षणही कॅमेऱ्याने टिपलेत.

आईला ही फेरी दाखवली तेव्हा ती मासाला पोडियमवर छातीवर मूठ आपटताना, डोळे पुसताना बघत राहिली. मग विचारलं, ‘‘पुढच्या वर्षी तरी जिंकला का हा?’’ पुढच्या वर्षी हंगेरीत दुसऱ्याच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग त्याच्या हेल्मेटवर आदळली. तो बरा झाला, परत आला, पुढे अनेक वर्षं धावला. इंटरलागोसनंतर मात्र त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. आई काही बोलली नाही. ती फेरी तिने मला परत एकदा लावायला सांगितली, आणि या वेळी पहिल्यापासून पाचव्या ओळीवर बोट ठेवून बघितली.